पीएचपी मॅन्युअलचा सेटिंग्ज विभाग: आकडा बरोबर, पण कुठला आणि कधीचा?

वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये पीएचपी.आयएनआय या कॉन्फिगरेशन फाइलमधील सेटिंग्जची माहिती देणारा जो विभाग आहे, त्यापुरतेच हे परीक्षण मर्यादित आहे. फंक्शनची पाने लोक शिकण्यासाठी वाचतात. सेटिंगचे पान मात्र बहुधा काहीतरी अडल्यावर, सर्व्हर चालू असताना आणि हाताशी वेळ कमी असताना उघडले जाते. अशा वेळी वाचणाऱ्याला सेटिंगचे डीफॉल्ट (म्हणजे कुणी काही न लिहिल्यास लागू होणारे) मूल्य काय आणि ते कुठून बदलता येते हे कळायला हवे असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या सर्व्हरवर जी आवृत्ती चालू आहे तिलाही ते लागू आहे का, हे कळायला हवे असते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे हा विभाग नेटकी देतो. तिसऱ्या प्रश्नाबाबत त्याची कामगिरी पानागणिक बदलते, आणि या विभागात दुरुस्त्या कशा व्हाव्यात याचा विचारही तिथूनच सुरू करावा लागतो.

विभागाची मांडणी साधी आहे. सेटिंग्ज असलेल्या प्रत्येक एक्स्टेन्शनच्या (भाषेला जोडल्या जाणाऱ्या भागाच्या) माहितीत सेटिंग्जचे एक पान असते. त्यात वरती नाव, डीफॉल्ट मूल्य, बदलण्याची मुभा आणि बदलांचा इतिहास असे रकाने असलेला तक्ता असतो आणि खाली एकेका सेटिंगचे वर्णन येते. याशिवाय सर्व सेटिंग्जची एक एकत्रित यादी परिशिष्टात दिली आहे. या रकान्यांपैकी घाईत सर्वात कमी वाचला जाणारा आणि सर्वात उपयोगी असा रकाना मुभेचा आहे. पोस्ट_मॅक्स_साइझ आणि अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ ही, ब्राउझरकडून येणाऱ्या मजकुराची व फाइलची कमाल मर्यादा ठरवणारी सेटिंग्ज स्क्रिप्टच्या आतून आयएनआय_सेट हे फंक्शन वापरून बदलता येत नाहीत, कारण स्क्रिप्टची पहिली ओळ चालण्यापूर्वीच ब्राउझरने पाठवलेला मजकूर सर्व्हरने स्वीकारलेला असतो. ती बदलायची तर पीएचपी.आयएनआय, त्या डिरेक्टरीतील .यूजर.आयएनआय किंवा वेब सर्व्हरची कॉन्फिगरेशन फाइल गाठावी लागते. हे कारण ठाऊक नसलेला प्रोग्रामरही तो एक रकाना पाहून पुष्कळ वेळ वाचवू शकतो. आयएनआय_सेट अयशस्वी झाल्यास स्क्रिप्ट थांबत नाही, फंक्शन नुसते फॉल्स परत करते, त्यामुळे हा रकाना न वाचण्याची किंमत लगेच कळतही नाही.

मॅन्युअल लिहिणाऱ्यांची दूरदृष्टी जिथे दिसते अशा जागाही या विभागात आहेत. कोणत्या चुका कळवायच्या हे ठरवणाऱ्या एरर_रिपोर्टिंग या सेटिंगच्या नोंदीत असा इशारा दिला आहे की ई_ऑल (सर्व चुका) यासारखी पीएचपीची स्थिरांकनावे अपाचे या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिली तर त्यांना काहीच अर्थ राहत नाही, तिथे आकडाच लिहावा लागतो. आणि ई_ऑलचा आकडा पुढे बदलू शकत असल्यामुळे २१४७४८३६४७ सारखा मोठा आकडा वापरणे सोयीचे ठरेल. ही सूचना अतिसावध वाटू शकते, पण ती खरी ठरली आहे. पीएचपी ५.४ पासून ई_ऑलचा आकडा ३२७६७ होता आणि ८.४ मध्ये ई_स्ट्रिक्टची पातळी त्यातून वगळल्यावर तो ३०७१९ झाला. ज्या वाक्याने कोणत्याही विशिष्ट आकड्याची हमी देण्याचे टाळले, ते वाक्य मधल्या सगळ्या आवृत्त्यांत कुणी हात न लावताही बरोबर राहिले.

याच्या नेमके उलट उदाहरण मॅक्स_एक्झिक्युशन_टाइम या सेटिंगच्या नोंदीत सापडते. स्क्रिप्टला किती सेकंद चालू द्यायचे हे ठरवणारे हे सेटिंग आहे, आणि वेब सर्व्हरचीही स्वतःची मुदत असते, ती आधी संपली तर पीएचपीची मुदत शिल्लक असूनही काम तुटते, ही आठवण तिथे करून दिली आहे ती योग्यच आहे. मात्र त्या आठवणीला जोडून, अपाचेचे टाइमआउट आणि मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरचे सीजीआय टाइमआउट या दोहोंचे डीफॉल्ट ३०० सेकंद असते अशा आशयाचे वाक्य वर्षानुवर्षे वाचायला मिळाले. अपाचेच्या २.२ या आवृत्तीपर्यंत ते खरे होते. २०१२ साली स्थिर झालेल्या २.४ मध्ये अपाचेने हे डीफॉल्ट ६० सेकंदांवर आणले, आणि त्या दिवशी पीएचपीच्या मॅन्युअलमधील एक ओळ, पीएचपीमध्ये काहीही बदललेले नसताना, जुनी झाली.

हे वाचून कोणाही दक्ष वाचकाला वाटेल की ३०० खोडून ६० लिहिले की काम झाले. माझे मत असे आहे की ती दुरुस्ती अर्धवट ठरेल, किंबहुना एका मोठ्या वर्गासाठी ती नवी चूक ठरेल. डेबियन या लिनक्स वितरणाच्या पॅकेजमधून बसवलेल्या अपाचेसोबत जी मुख्य कॉन्फिगरेशन फाइल येते तिच्यात टाइमआउट ३०० असे स्पष्ट लिहिलेले असते. म्हणजे अपाचेच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनप्रमाणे उत्तर ६०, पण डेबियन वापरणाऱ्याच्या सर्व्हरवर प्रत्यक्ष उत्तर ३००, आणि मॅन्युअलमधील ते जुने वाक्य चुकीच्या कारणासाठी पण योग्य आकडा सांगत असलेले. अशा ठिकाणी सर्वात टिकाऊ दुरुस्ती म्हणजे आकडाच काढून टाकणे: वेब सर्व्हरची मुदत वेगळी असते एवढे सांगावे, टाइमआउट हे सेटिंगचे नाव द्यावे, आणि मूल्यासाठी वाचकाला त्या सर्व्हरच्या डॉक्युमेंटेशनकडे व स्वतःच्या कॉन्फिगरेशन फाइलकडे पाठवावे. दुसऱ्याच्या घरातले आकडे आपल्या भिंतीवर लिहून ठेवले की ते पुसण्याची जबाबदारीही आपल्यावर येते, आणि ते बदलल्याचे आपल्याला कुणी कळवत नाही.

स्वतःच्या सेटिंग्जबाबत मात्र नियम उलटा हवा. तिथे आकडा द्यायचाच, आणि बदलला तर जुना आकडाही आवृत्तीच्या क्रमांकासह राहू द्यायचा. याचे सर्वात बोलके अलीकडचे उदाहरण ऑपकॅश या वेग वाढवणाऱ्या एक्स्टेन्शनमधील जिट कंपायलरचे (चालू असतानाच कोड यंत्रभाषेत बदलणाऱ्या भागाचे) आहे. पीएचपी ८.० मध्ये जिट आले तेव्हा ऑपकॅश.जिट या सेटिंगचे डीफॉल्ट ट्रेसिंग होते, पण ऑपकॅश.जिट_बफर_साइझचे डीफॉल्ट शून्य होते. बफरला जागाच नसल्यामुळे जिट प्रत्यक्षात बंद राहत असे. त्यामुळे त्या काळातील सगळे मार्गदर्शन एकच गोष्ट सांगत होते की बफरला काही मेगाबाइट द्या, जिट सुरू होईल. ८.४ मध्ये ही जोडी उलटली. आता ऑपकॅश.जिटचे डीफॉल्ट डिसेबल आहे आणि बफरचे ६४ एम. जिट पूर्वीही बंद होते आणि आताही बंदच असते, म्हणून वरवर पाहता काहीच बदललेले नाही. पण ते सुरू करण्याची किल्ली एका सेटिंगवरून दुसऱ्या सेटिंगवर गेली आहे. ज्याने जुन्या सल्ल्याप्रमाणे आपल्या पीएचपी.आयएनआयमध्ये फक्त बफरचा आकार लिहून ठेवला होता, त्याचे जिट ८.४ वर गेल्यावर कोणताही एरर न येता बंद झाले असेल, आणि ते कार्यक्रमाचा वेग मोजेपर्यंत कळलेही नसेल.

या बदलाची नोंद मॅन्युअलमध्ये करणाऱ्याने तक्त्यातील दोन आकडे बदलून थांबायचे ठरवले असते, तर नवे पान ८.४ साठी निर्दोष आणि ८.३ वापरणाऱ्यासाठी दिशाभूल करणारे झाले असते. ८.३ चा वाचक तक्त्यात ६४ एम वाचून बफरकडे दुर्लक्ष करील, ऑपकॅश.जिटला ट्रेसिंग लिहील आणि काही घडत नाही म्हणून चकित होईल. दोन्ही सेटिंग्जच्या डीफॉल्टसोबत आवृत्ती लिहिली आणि किल्ली कुठून कुठे गेली हे एका वाक्यात सांगितले, तरच दोघांचे काम होते. याच पानावर डिसेबल आणि ऑफ यांतला भेद सांगितलेला आहे, तोही महत्त्वाचा: ऑफ असलेले जिट स्क्रिप्ट चालू असताना सुरू करता येते, डिसेबल असलेले येत नाही. हा बारकावा मला मॅन्युअलबाहेरच्या लेखांत फारसा आढळत नाही, आणि मूळ पान सोडून इतरत्र वाचणाऱ्यांचे होणारे नुकसान असे असते.

आकडा जुना होण्याची आणखी एक तऱ्हा आहे, जिच्यात मॅन्युअलचा काहीच दोष नसतो. अपूर्णांक किती अंकांपर्यंत लिहायचा हे ठरवणाऱ्या सिरियलाइझ_प्रिसिजन या सेटिंगचे डीफॉल्ट पीएचपी ७.१ पूर्वी १७ होते आणि ७.१ पासून ते उणे १ आहे. त्याच आवृत्तीपासून माहिती जेसन या स्वरूपात लिहिणारे जेसन_एन्कोड हे फंक्शन अपूर्णांक लिहिताना प्रिसिजन या सेटिंगऐवजी सिरियलाइझ_प्रिसिजनकडे पाहू लागले. मॅन्युअलमध्ये हे नीट लिहिलेले असूनही अनेकांच्या जेसनमध्ये ०.१ च्या जागी ०.१०००००००००००००००१ असा आकडा दिसू लागला, कारण जुन्या सर्व्हरवरची पीएचपी.आयएनआय फाइल त्यांनी जशीच्या तशी नव्या सर्व्हरवर आणली होती आणि तिच्यात १७ हा आकडा स्पष्ट लिहिलेला होता. पीएचपी.आयएनआयमधील प्रत्येक ओळ ही एका अर्थाने गोठवलेले डॉक्युमेंटेशन असते. जे मूल्य आपल्याला जाणीवपूर्वक वेगळे ठेवायचे नाही, ते त्या फाइलमध्ये लिहूच नये, असे मॅन्युअलने अधिक ठळकपणे सांगायला हवे होते, असे मला वाटते.

येथे या विभागाची माझ्या दृष्टीने सर्वात मोठी उणीव येते. तक्त्यातील डीफॉल्ट हे इंजिनच्या कोडमध्ये लिहिलेले मूल्य असते, पण वाचक ज्या सर्व्हरपुढे बसलेला असतो तिथे ते मूल्य क्वचितच जसेच्या तसे चालू असते. पीएचपीसोबत पीएचपी.आयएनआय-डेव्हलपमेंट आणि पीएचपी.आयएनआय-प्रॉडक्शन अशा दोन नमुना फाइली दिल्या जातात आणि बहुतेक लोक त्यांतलीच एक वापरतात. शॉर्ट_ओपन_टॅगचे कोडमधील डीफॉल्ट सुरू आहे, नमुना फाइलमध्ये ते बंद आहे, आउटपुट_बफरिंग कोडमध्ये ० आहे, नमुन्यात ४०९६, व्हेरिएबल्स_ऑर्डर कोडमध्ये ईजीपीसीएस आहे, नमुन्यात जीपीसीएस, सेशन.जीसी_डिव्हायझर कोडमध्ये १००, नमुन्यात १०००. या थरावर पुन्हा लिनक्स वितरणांचा थर येतो. डेबियनचे पॅकेज सेशन.जीसी_प्रोबॅबिलिटी, म्हणजे जुनी सेशन्स (पाहुण्यांच्या भेटींची साठवलेली माहिती) पुसली जाण्याची शक्यता ठरवणारे सेटिंग, शून्य करून ठेवते आणि जुनी सेशन्स साफ करण्याचे काम ठरावीक वेळी चालणाऱ्या वेगळ्या स्क्रिप्टकडे सोपवते. तिथे मॅन्युअलमधील शंभरात एक या शक्यतेचे सगळे विवेचन वाचून सेशन का जात नाही किंवा का गेले याचा उलगडा होणार नाही.

उलट डॉकर या साधनासाठीच्या अधिकृत पीएचपी इमेजमध्ये (सर्व्हरच्या तयार साच्यात) दोन्ही नमुना फाइली असतात, पण पीएचपी.आयएनआय या नावाने चालू असलेली फाइल नसते, त्यामुळे तिथे मात्र कोडमधीलच मूल्ये लागू होतात आणि डिस्प्ले_एरर्सचे कोडमधील डीफॉल्ट सुरू असल्यामुळे चुकांचे संदेश थेट पाहुण्याच्या पडद्यावर जाऊ शकतात. ज्याने प्रॉडक्शनचा नमुना पाहून डिस्प्ले_एरर्स बंदच असते असे गृहीत धरले आहे त्याच्यासाठी ही धोक्याची गोष्ट आहे. तक्त्यात कोडमधील मूल्याशेजारी नमुना फाइलींतील मूल्यांचा एक रकाना असता, तर यांपैकी बराच गोंधळ टळला असता. सध्या ही तफावत शोधायची तर नमुना फाइल स्वतंत्रपणे उघडून पाहावी लागते. तिच्या सुरुवातीच्या भागात अशा वेगळ्या सेटिंग्जचा छोटा गोषवारा दिलेला आहे, आणि तो मॅन्युअलपेक्षा जास्त उपयोगी आहे हे सांगावेसे वाटते.

कोडमधील मूल्य खात्रीने पाहायचे असेल तर पीएचपीला -एन हा पर्याय देऊन चालवावे. तेव्हा कोणतीही पीएचपी.आयएनआय वाचली जात नाही आणि आयएनआय_गेट जे उत्तर देते ते इंजिनचे स्वतःचे असते. यालाही अपवाद आहेत. कमांड लाइनवर चालणारे पीएचपी काही मूल्ये स्वतःच बदलून घेते: मॅक्स_एक्झिक्युशन_टाइम तिथे ३० ऐवजी ० असते. तसेच ८.५ पूर्वी ऑपकॅश वेगळे एक्स्टेन्शन म्हणून लोड करावे लागत असल्यामुळे -एन दिल्यावर त्याची सेटिंग्ज दिसतच नाहीत. कमांड लाइनवर मिळालेला आकडा वेब सर्व्हरच्या नावावर मॅन्युअलमध्ये लिहिला जाणे हे चुकीच्या दुरुस्त्यांचे एक सहज घडणारे कारण आहे. वेबसाठी पीएचपीइन्फोचे पान पाहावे. त्यात लोकल आणि मास्टर अशी दोन मूल्ये शेजारी दिसतात, आणि ती वेगळी असतील तर मधल्या कुठल्यातरी फाइलने हस्तक्षेप केला आहे हे लगेच लक्षात येते.

पानांखाली वाचकांनी लिहिलेल्या टिपांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, सेटिंग्जच्या पानांवर त्यांचा उपयोग कमी आणि अपाय अधिक आहे. फंक्शनच्या पानावरची दहा वर्षांपूर्वीची टीप आजही चालू शकते. सेटिंगबद्दलची चालेलच असे नाही. रजिस्टर_ग्लोबल्स ४.२.० मध्ये डीफॉल्टने बंद झाले आणि ५.४.० मध्ये मॅजिक कोट्स व सेफ मोडसह भाषेतूनच गेले, तरी अशा सेटिंग्जना धरून दिलेले सल्ले जुन्या मजकुरात भेटतच राहतात. टिपांना मिळालेल्या मतांवरून त्या कधीकाळी आवडल्या होत्या एवढेच समजते. टिपेची तारीख आधी पाहावी, मग मजकूर.

दुरुस्ती सुचवण्याची व्यवस्था ही या मॅन्युअलची खरी जमेची बाजू आहे, आणि येथे मी हात आखडता घेणार नाही. प्रत्येक पानावरून त्याच्या मूळ फाइलपर्यंत जाता येते. मूळ मजकूर डॉकबुक एक्सएमएल या स्वरूपात गिटहब या संकेतस्थळावर खुला आहे आणि कोणीही बदल करून पुल रिक्वेस्ट (तो बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवू शकतो किंवा नुसती चूक नोंदवू शकतो. एक्सएमएलमुळे नवख्याला पहिल्या भेटीत थोडा धाक वाटतो, पण आकडा बदलण्यासाठी त्यातील दोनचार टॅगपलीकडे काही समजून घ्यावे लागत नाही. अडचण निराळी आहे: एकच माहिती तक्त्यात आणि खालच्या वर्णनात अशी दोनदा येऊ शकते, आणि दुरुस्ती करणारा ज्या ठिकाणी चूक पाहतो तिथेच ती सुधारून निघून जातो. तक्ता एक सांगतो आणि परिच्छेद दुसरे, असे पान पूर्ण जुन्या पानापेक्षा अधिक त्रासदायक असते, कारण कोणावर विश्वास ठेवावा हे वाचकाला ठरवता येत नाही.

भाषांतरांबाबतही व्यवस्था विचारपूर्वक केलेली आहे. जपानी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा भाषांतरांतील प्रत्येक फाइलच्या आरंभी ती इंग्रजी मजकुराच्या कोणत्या बदलावर आधारलेली आहे याची खूण लिहिलेली असते, आणि त्यावरून कोणती फाइल किती मागे आहे हे भाषांतरकारांना कळते. ही खूण भाषांतरकारासाठी आहे, वाचकाला ती पानावर सहज दिसत नाही. सेटिंगच्या डीफॉल्टबद्दल शंका असेल तर आपल्या भाषेतील पान वाचल्यानंतर इंग्रजी पानावरील तक्ता एकदा ताडून पाहणे श्रेयस्कर.

दुरुस्ती पाठवणाऱ्याला पुरावा कुठे मिळतो, हाही परीक्षणाचाच भाग आहे. पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीच्या मूळ कोडसोबत अपग्रेडिंग नावाची फाइल असते आणि तिच्यात आयएनआय सेटिंग्जमधील बदलांसाठी स्वतंत्र प्रकरण असते. जिटच्या किल्लीबद्दल वर जे सांगितले ते तिथे स्वच्छ शब्दांत लिहिलेले आहे. मेमरी_लिमिटसारख्या मूलभूत सेटिंग्जची डीफॉल्ट मूल्ये मेन.सी या फाइलमध्ये एकाखाली एक दिलेली सापडतात, आणि त्या ओळीचा गिटमधील इतिहास पाहिला की मूल्य केव्हा बदलले हे कळते. मेमरी_लिमिटचे डीफॉल्ट आधी ८ एम, मग ५.२ मध्ये १६ एम आणि ५.३ पासून १२८ एम असे वाढत गेले. या दोन साक्षी जोडलेली पुल रिक्वेस्ट तपासणाऱ्याचे काम हलके करते; ‘माझ्या सर्व्हरवर वेगळे दिसते’ एवढ्याच आधारावर पाठवलेली मात्र वितरणाचे मूल्य भाषेच्या नावावर चढवण्याची शक्यता फार.

पीएचपी ८.५ मध्ये --आयएनआय=डिफ हा कमांड लाइन पर्याय आला आहे, जो इंजिनच्या डीफॉल्टपेक्षा वेगळी असलेली तेवढीच सेटिंग्ज दाखवतो. मॅन्युअलच्या तक्त्यात जो रकाना नाही, त्याची उणीव हा पर्याय प्रत्येकाच्या स्वतःच्या सर्व्हरपुरती भरून काढतो. ८.४ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवर असलेल्यांना तोवर -एन दिलेले आणि न दिलेले अशी दोन्ही उत्तरे समोरासमोर ठेवून फरक काढता येईल. सेटिंगच्या पानाशेजारी दुसऱ्या खिडकीत तो फरक उघडा असला, म्हणजे तक्त्यातील कोणत्या आकड्याचा आपल्याशी संबंध आहे हे पान वाचता वाचताच कळत जाते.